अंगठा घरी आला, त्याची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. काही ठिकाणी सभासदांनी मध्येच विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं भाषणातच मिसळली आहेत.)



सांस्कृतिक समितीच्या मुलांनी मला विषय दिला तो असा : 'डिजिटल सरकार आणि शहरातील नवनिर्मिती'. मी म्हटलं, अरे, मी गच्चीवरच्या कुंड्यांवर बोलते, ते मला येतं. तर म्हणाले, "ताई, तुम्ही सहा वर्षं सेक्रेटरी होतात, तुम्हीच बोला." आता सेक्रेटरी असण्याचा आणि नवनिर्मितीचा संबंध काय, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर विचार करताना लक्षात आलं, की संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. त्यावर शेवटाकडे येते.

एवढा मोठा विषय मला पेलणार नाही, म्हणून मी त्यातला एकच धागा धरणार आहे. भाड्याचा करार. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तो कधी ना कधी केलाय, मालक म्हणून किंवा भाडेकरू म्हणून. आपल्या साठ फ्लॅटपैकी आज बावीस फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. तेव्हा झोप येणार नाही.

आपली सोसायटी २००० सालची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, हाही लागू झाला ३१ मार्च २००० ला. म्हणजे दोघंही एकाच वर्षाचे. त्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये सांगितलंय, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला दंड, तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो.

इतका कडक कायदा असून आपण काय करत होतो? खरं सांगा. शंभर रुपयांचा स्टँप पेपर, त्यावर टाइप केलेला मजकूर, नोटरीचा शिक्का, संपलं. का? कारण नोंदणी करायची म्हणजे मालक, भाडेकरू आणि साक्षीदार या सगळ्यांनी एकाच दिवशी, कामाच्या वेळेत, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हजर राहायचं. एकाची रजा मंजूर झाली तर दुसऱ्याची नाही. मालक मुंबईला असेल तर त्याने मुंबईहून यायचं. अकरा महिन्यांच्या करारासाठी एवढा खटाटोप कोण करणार? कायदा होता, पण तो पाळायची सोय नव्हती. मला वाटतं, आपल्याकडे बऱ्याच कायद्यांचं दुखणं हेच असतं. लोक बेशिस्त असतात असं आपण म्हणतो. बेशिस्त असतात, पण सगळा दोष त्यांचा नसतो.

संगणक या खात्यात लवकर आला होता बरं का. २००२ च्या सुमारास 'सरिता' नावाची प्रणाली आली. त्याआधी दस्ताची नक्कल होऊन मूळ कागद हातात पडायला महिनोन्‌महिने लागत. 'सरिता' आल्यावर दस्त स्कॅन करून लगेच परत मिळू लागला. ही सुधारणा मोठीच होती. २०१२ मध्ये 'आय-सरिता' आली, सगळी कार्यालयं एका मध्यवर्ती प्रणालीला जोडली गेली. पण पाहा, तोवर आपण मात्र जायचं तिथेच जात होतो. काम वेगाने व्हायला लागलं होतं, पण आपण बाकावरच बसलेले होतो.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. २०१३ साली ई-नोंदणीचे वेगळे नियम आले, आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार घरात बसून नोंदवता येऊ लागला. संकेतस्थळावर मजकूर भरायचा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ऑनलाइन भरायची, कॅमेऱ्यासमोर फोटो काढायचा, छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. अंगठा आधारशी जुळला की ओळख पटली. मग दुय्यम निबंधक तिकडे त्यांच्या पडद्यावर तो दस्त तपासतात, चूक असेल तर परत पाठवतात, ठीक असेल तर नोंदवतात. मालकाने मुंबईत अंगठा द्यावा, भाडेकरूने पुण्यात, दिवससुद्धा वेगळा असला तरी चालतो.

खर्च किती म्हणून कोणी विचारलं. हिशेब सोपा आहे. भाडं महिना २०,००० आणि मुदत ११ महिने, म्हणजे २,२०,०००. परत मिळणारी अनामत समजा ६०,०००, तिच्यावर वर्षाला दहा टक्के धरून अकरा महिन्यांचे ५,५००. एकूण २,२५,५००. त्याचे पाव टक्का, म्हणजे पाचशे चौसष्टच्या आसपास, ते वरच्या शंभरात धरून ६०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी किरकोळ.

आता नवनिर्मिती कुठे आली? ती आली स्कूटरवरून.

सरकारने घरोघर जाणारे कारकून नेमले नाहीत. संगणक, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र ज्याच्याकडे असेल त्याला हे काम करता येईल अशी वाट मोकळी ठेवली. पुण्यात बघता बघता अशी मुलं दिसायला लागली. पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप आणि संगणकाच्या माउसएवढं यंत्र. आपल्या इमारतीत पहिल्यांदा जो मुलगा आला तो मला चांगला आठवतो. त्याचे वडील एका कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून दस्त टाइप करून द्यायचे. ऑनलाइन म्हटल्यावर घरात रडारड झाली होती म्हणे. आता टेबल उठणार, खायचं काय. त्याने वडिलांनाच शेजारी बसवून मसुदे तयार केले. त्यांना कायद्याची भाषा पाठ, याला संगणक पाठ. फाटकाबाहेरचं टेबल उठलं खरं, पण ते आपल्या दिवाणखान्यात आलं. आज त्याच्याकडे चार मुलं कामाला आहेत. रात्री नऊ वाजता या म्हटलं तर येतात, रविवारी येतात, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती कळवायचं कामही त्यातच करून देतात, मुदत संपायच्या महिनाभर आधी फोन करून आठवण करतात. यातली एकही गोष्ट सरकारच्या नियमात लिहिलेली नाही. ती त्यांना सुचली.

मी याला नवनिर्मिती म्हणते. कुणाला ती किरकोळ वाटेल. आपल्याला नवनिर्मिती म्हटलं की काचेच्या इमारती आणि कोट्यवधींचं भांडवल दिसतं. पण जी मुलगी नांदेडहून नोकरीला आली आणि जिच्या हातात आठवड्याच्या आत कायदेशीर पत्त्याचा कागद पडला, तिच्या दृष्टीने शहर बदललं. त्या कागदावर तिची पुढची कितीतरी कामं अवलंबून असतात.

परदेशातलं एक उदाहरण सांगते. ते मला फार आवडतं, कारण त्यात नायिका एक सरकारी कर्मचारी आहे. अमेरिकेत पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथल्या बस-रेल्वे चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेत, ट्रायमेटमध्ये, बिबियाना मॅकह्यू नावाच्या बाई तंत्रज्ञान विभागात काम करायच्या. परगावी गेलं की मोटारीचा रस्ता नकाशावर चटकन सापडतो, पण बसने कसं जायचं हे सापडत नाही, याचा त्यांना वैताग आला. त्यांनी गूगलला गाठलं. ट्रायमेटने आपलं वेळापत्रक, थांबे, मार्ग, सगळं साध्या मजकुराच्या फायलींमध्ये, स्वल्पविराम घालून वेगळं केलेलं, असं देऊन टाकलं. डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडचं बस-वेळापत्रक गूगलवर दिसू लागलं. त्या फायलींची जी मांडणी ठरली, तीच पुढे जगभरच्या शहरांनी उचलली. आज आपण फोनवर अमुक बस किती वाजता म्हणून बघतो, त्याच्या मुळाशी ती मांडणी आहे.

यात चमकदार काय होतं? काहीच नाही. स्वल्पविराम होते. पण ते सगळ्यांना वाचता येत होते. लंडनच्या वाहतूक संस्थेनेही पुढे आपली माहिती अशीच खुली केली, आणि २०१७ मध्ये डेलॉइटने हिशेब मांडला, की त्यातून लंडनला वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत फायदा होतो. लोकांचा वाचलेला वेळ त्यात मोठा.

म्हणजे सरकार स्वतः किती अ‍ॅप काढतं, यावर मला फार काही अवलंबून दिसत नाही. उलट कधी कधी प्रत्येक खातं आपलं अ‍ॅप काढतं, त्याचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो, आणि सहा महिन्यांनी ते उघडत नाही. सरकारने पाया घालावा आणि वर बांधायला इतरांना जागा ठेवावी. यूपीआयचं तेच झालं. २०१६ मध्ये ते आलं, पण भाजीवाल्याच्या गाडीवर तो काळा-पांढरा चौकोन लावणारी मुलं सरकारी नोकर नव्हती.

आता दुसरी बाजू. एका कार्यालयात मला एक दाखला हवा होता, कोणतं कार्यालय ते सोडून द्या. अर्ज ऑनलाइन. मी खूश. नऊ कागद स्कॅन करून चढवले. प्रत्येक फाइल अमुक केबीच्या आत हवी, म्हणून ती लहान करायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बोलावलं. शेवटी पडद्यावर काय यावं? 'अर्जाची छापील प्रत सर्व मूळ कागदपत्रांसह कार्यालयात सादर करावी.' गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या हो, त्यांचा दोष नव्हता. त्यांनी छापील प्रत घेतली आणि तीच माहिती पुन्हा संगणकात टाइप करायला लागल्या! मी विचारलं, मी भरलीय ना? म्हणाल्या, "ते वेगळं सॉफ्टवेअर आहे."

अशा कारभाराभोवतीही धंदा उभा राहतो, बरं का. तो फक्त फाइल लहान करून देणाऱ्यांचा आणि ओळखीने काम करून देणाऱ्यांचा असतो. खिडकी तीच, रांग तीच, फक्त रांगेच्या अलीकडे एक पडदा वाढला. भाडेकराराच्या बाबतीत जे साधलं ते संगणकामुळे कमी आणि नियम बदलल्यामुळे जास्त साधलं. 'सगळ्यांनी समोर हजर राहायचं' ही अट कुणीतरी हिमतीने काढली, तेव्हा ते झालं. एस्टोनिया नावाच्या एवढ्याशा देशात, आपल्या पुण्याहूनही लोकसंख्या कमी, असा नियमच आहे, की नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारी खात्यांनी त्याच्याकडून पुन्हा गोळा करायची नाही, आपापसांत घ्यायची. २००१ पासून त्यांनी खात्यांना जोडणारी व्यवस्था उभी केली. आपल्याकडे डिजिलॉकर २०१५ मध्ये आलं, त्यातला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य मानावा असा नियम आहे. पण काउंटरवर फोन दाखवला की समोरचा म्हणतो, "झेरॉक्स नाही का?"

हसताय. हसा. आता मी सेक्रेटरी होते तेव्हाचं सांगते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या. त्यांचा दुसरा, लहान फ्लॅट 'बी' विंगमध्ये आहे. काका गेल्यावर त्या भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चालतो. त्यांनी परवानगी दिलीय म्हणून बोलतेय. २०१६ मध्ये त्यांच्याकडे दोन मुली भाडेकरू म्हणून ठरल्या. रविवारी संध्याकाळी तोच स्कूटरवाला मुलगा आला, चाळीस मिनिटांत अंगठे झाले, दोन-तीन दिवसांत करार नोंदवून आला. महाराष्ट्र शासनाला त्या मुलींबद्दल काही अडचण राहिली नाही.

अडचण आम्हाला होती. आमच्या कमिटीचा एक फॉर्म होता, तीन पानी. त्याला जोडायचं काय? करार, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत, आधार, पॅन, कंपनीचं पत्र, कंपनीच्या ओळखपत्राची प्रत, आई-वडिलांचं संमतिपत्र, आधीच्या घरमालकाचं पत्र, चार फोटो. मुली पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, कमावत्या. आई-वडिलांचं संमतिपत्र! त्यावर कमिटीची मुलाखत, ती शनिवारीच, आणि तो शनिवार हुकला कारण मी कोल्हापूरला गेले होते. त्यातली एक मुलगी घरून छोटं काम सुरू करणार होती. कपड्यांचे नमुने संगणकावर काढून शिंप्यांना पाठवायचे. हे तिने फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं. झालं! 'व्यवसाय चालणार नाही' म्हणून आम्ही खुलासा मागवला. त्या पत्रावर सही माझी आहे. फायलीत आहे, कुणालाही बघायला मिळेल.

एकोणीस दिवस गेले. मुली कंटाळून दुसऱ्या सोसायटीत गेल्या. काकूंचा फ्लॅट पुढे दोन महिने रिकामा राहिला. काकू माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सरकारने तीन दिवसांत केलं गं, तुम्हाला काय झालं?" ते वाक्य मला अजून टोचतं. त्या मुलीचं पुढे काय झालं, काम चाललं की नाही, मला माहीत नाही. आमच्या इमारतीत ते सुरू झालं नाही, एवढं माहीत आहे.

नंतर मी उपविधी काढून वाचले. सेक्रेटरी झाल्यावर आधी वाचायचे असतात, मी नंतर वाचले. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही. आगाऊ कळवायचं, आणि नोंदवलेल्या कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतात, हे तर २००१ पासून ठरलेलं आहे. म्हणजे दोन कागदांचं काम आम्ही नऊ कागदांचं केलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं आम्ही शिस्त आणतोय.

शहर म्हणजे काही फक्त महापालिका आणि मंत्रालय नव्हे. गेटपासून आत आपलंच सरकार आहे. साठ फ्लॅटचं.

आता तर आपलं सरकारही डिजिटल झालंय! गेटवर अ‍ॅप आलं. माझं त्याला वावडं नाही. कुरिअरवाले, पाहुणे, सोय होते. पण मागच्या जुलैत काय झालं ते सांगते. माझ्याकडे आणि अजून पाच घरी काम करणाऱ्या मावशी, चौदा वर्षं इथे येतात. त्यांच्या नोंदीची मुदत संपली होती, नवा वॉचमन होता, पडद्यावर नाव लाल दिसलं. माझा फोन सायलेंटवर. बाई पावसात पाऊण तास गेटबाहेर उभी. वॉचमन बिचारा म्हणतो, "सिस्टिम घेत नाही." सरकारी खिडकीवर हेच वाक्य ऐकलं की आपण वर्तमानपत्राला पत्र लिहितो.

याच मावशींनी गेल्या वर्षी जवळच खोली भाड्याने घेतली. मालकाने करार नोंदवायचं ठरवलं, चांगली गोष्ट. मुलगा यंत्र घेऊन आला, मावशींचा अंगठा लागेना. तीस वर्षं भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. उजवा नाही, डावा नाही. त्याने घाई केली नाही. हात कोमट पाण्याने धुवायला लावले, पुसले, एकेक बोट लावून बघत गेला. सातव्या वेळी डाव्या हाताच्या अनामिकेला यंत्र 'हो' म्हणालं. मावशींनी ते बोट कपाळाला लावलं. मला त्या वेळी वाटलं, यंत्र घरी आलं ही अर्धी सोय. ते घेऊन येणारा माणूस सात वेळा प्रयत्न करायला तयार होता, ही उरलेली अर्धी. पडद्यासमोर एकट्याच असत्या, तर दुसऱ्या प्रयत्नाला उठल्या असत्या.

म्हणून माझ्या दोन सूचना, पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात अशी अध्यक्षांना लेखी विनंती मी दिलेली आहे. भाडेकरूचा आपला फॉर्म एका पानाचा करावा, सोबत दोन कागद, ते ईमेलने आले तरी चालतील. तिसरा कागद कमिटीला हवा असेल, तर तो कोणत्या नियमाखाली हवा हे फॉर्मवरच छापावं. आणि गेटवरच्या अ‍ॅपला एक जुनी वही जोडून ठेवावी. नाव लाल दिसलं तर वॉचमनने वहीत लिहून, ओळखीच्या माणसाला आत सोडावं, चौकशी मागाहून करावी. कोणी म्हणेल सुरक्षेचं काय. चौदा वर्षं येणाऱ्या बाईला आपण ओळखत नसू, तर ते अ‍ॅप तरी काय ओळखणार?

वेळ संपत आली, मागून खुणा चालल्यात. एवढंच सांगते, की काकूंचा 'बी' विंगमधला फ्लॅट गेल्या महिन्यापासून पुन्हा रिकामा होता. परवा एक जोडपं ठरलंय, दोघंही साताऱ्याकडचे. तो मुलगा रविवारी संध्याकाळी सात वाजता यंत्र घेऊन येतोय. गेटवर त्याचं नाव मी आत्ताच टाकून ठेवलंय.